पाठीतली दोरी

मी खोलीत शिरले तेव्हा पेशंट पलंगावर नव्हती. ती खाली फरशीवर चवड्यांवर बसली होती. एक हात जमिनीला टेकलेला, मान वर, नजर दारावर. कुणी नुसती हाक दिली असती तरी सुटली असती, अशी.

"अगं ऊठ की! डॉक्टरीणबाई आल्यात," तिची आई ओरडली. "उद्या आपरेशन हाय आणि ही बघा काय करायल्या."

"बसून बघायलोय," ती मला म्हणाली. "परत असं बसाय येतंय का न्हाई, कुणाला ठाऊक."

कोल्हापूरकडच्या मुली स्वतःबद्दल 'करतो', 'जातो' असंच बोलतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी पुण्यात वाढलेली. मला ते ऐकून हसू आलं, आणि तीही हसली. ती उठून उभी राहिली तेव्हा मात्र माझं हसू ओसरलं. उजवा खांदा वर, डावा खाली, आणि सैल सदऱ्यातूनही दिसणारा उजव्या बाजूचा उंचवटा. आत्ता बसली होती तेव्हा यातलं काहीच जाणवलं नव्हतं.

ही सानिका मगदूम. वय बारा. आजऱ्याजवळच्या एका गावातली, शाळेच्या खो-खो संघातली. मी भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पेशंटला भेटून बोलायचं, हा माझा नेम होता. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, पण ती दुपार मला तशीच्या तशी दिसते.

तिची आई विजयमाला गावात शिवणकाम करायची. मुलीचा शाळेचा ड्रेस एका बाजूला उचलला जातोय हे तिला आधी दिसलं. तिला वाटलं, आपलंच माप चुकलं. उसवून पुन्हा शिवला. पुन्हा तेच. मग डॉक्टर, एक्स-रेचे फोटो, आणखी डॉक्टर. पाठीचा कणा उजवीकडे धनुष्यासारखा वाकत चालला होता आणि मुलगी जसजशी वाढत होती तसतसा जास्तच वाकत होता. असाच वाकत गेला असता तर पुढे फुप्फुसांना जागा उरली नसती. दोन डॉक्टरांनी सांगितलं, धातूच्या दोन सळ्या घालून तेवढे मणके एकमेकांशी कायमचे सांधायचे. पाठ सरळ होईल, पण तेवढा भाग पुन्हा वाकणार नाही.

सानिकानं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं ऐकलं होतं.

तिसरे डॉक्टर आमचे दिवेकर सर; त्यांनी सळ्यांऐवजी दोरी सुचवली होती. ते त्याच वेळी खोलीत आले. त्यांच्या मागोमाग सानिकाचे वडील बाबासो. दूध संघाचा टँकर चालवणारा उंचापुरा माणूस, पण दवाखान्यात अंग चोरून उभा राहायचा.

"साहेब, एकच इचारतो. रागावू नका," ते म्हणाले. "सळई पक्की का ही तुमची दोरी पक्की?"

"सळई," दिवेकर सर लगेच म्हणाले.

"मग?"

सरांनी खिशातून दोरीचा नमुना काढून त्यांच्या हातात दिला. पांढरी, घट्ट विणलेली, परकराच्या नाडीएवढी. बाबासोंनी ती दोन्ही हातांनी ओढून पाहिली. त्यांच्या चेहऱ्यावर मला माझाच संशय दिसला. सळ्यांच्या कितीतरी शस्त्रक्रियांना मी भूल दिली होती. सळई दिसायला भक्कम, हाताला भक्कम. ही तर नाडी होती. सर परदेशात शिकून आले होते, अशा काही शस्त्रक्रिया त्यांनी केल्या होत्या, पण माझी ही पहिलीच.

"सळई घातली की कणा आहे तिथे थांबतो," सर म्हणाले. "हिची उंची अजून वाढायची आहे. कणा ज्या बाजूला फुगलाय त्या बाजूच्या मणक्यांत स्क्रू बसवायचे, त्यातून ही दोरी घ्यायची आणि ताणायची. त्या बाजूची वाढ दोरी रोखून धरेल. दुसरी बाजू दबून गेलीय, ती मोकळी राहील, वाढेल. मुलगी वाढेल तसा कणा सरळ होत जाईल. आणि दोरी आहे म्हणून वाकताही येईल."

"म्हंजे सरळ कोण करनार? तुम्ही का दोरी?"

"थोडं मी, थोडं दोरी. बाकीचं हीच करणार."

बाबासोंनी मुलीकडे बघितलं. ती पलंगावर मांडी घालून केळं खात होती.

"आणि धोका?" विजयमालाताईंनी विचारलं. हे त्यांना आधी सांगून झालं होतं. तरी त्यांना पुन्हा ऐकायचं होतं.

"आहे," सर म्हणाले. "मज्जारज्जू तिथून जातो. त्याला धक्का लागला तर पायांची ताकद जाऊ शकते. फार क्वचित होतं. पण होत नाही असं मी म्हणणार नाही."

सानिकानं केळ्याचं साल आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, "मला दोरीच पायजे."

ते दोघं सरांबरोबर बाहेर गेल्यावर मी तिच्याजवळ बसले. माझंही एक काम होतं.

"सानिका, उद्या मी तुला झोपवणार. पण कदाचित मध्येच थोडा वेळ उठवेन. तेव्हा मी तुझ्या कानाशी बोलेन. माझा आवाज नीट ऐकून ठेव."

"पाठ उघडी असताना उठवनार?"

"पाठीला सर हात नाही लावणार. कुशीतून, बरगड्यांच्या मधून जाणार. आणि दुखणार नाही, ते माझं काम. उठवलं तर मी आधी म्हणेन, हात दाब. मग म्हणेन, पाय हलव. घशात नळी असेल, त्यामुळे बोलता येणार नाही. घाबरायचं नाही."

"का उठवनार पण?"

"पाय तुझं ऐकतात ना, ते बघायला."

तिनं त्यावर जरा विचार केला. मग हात पुढे केला. "म्हना."

"हात दाब."

तिनं दाबला. चांगलाच.

"पाय हलव."

दोन्ही पावलं हलली. आम्ही ते पुन्हा केलं, मग तिनं डोळे मिटून केलं. तिला तो खेळच वाटत होता. मलाही तो तेव्हा जवळजवळ खेळच वाटत होता, कारण इतक्या वर्षांत खरोखर मध्ये उठवायची वेळ माझ्यावर आलीच नव्हती.

सकाळी ती न रडता आली. टेबलावर चढताना म्हणाली, "थंड हाय हितं." मी औषध सोडलं, आणि पुढचं वाक्य बोलता बोलता तिचा डोळा लागला.

तिला डाव्या कुशीवर घेतलं. उजवं फुप्फुस थोडा वेळ मिटवून ठेवायचं होतं, म्हणजे सरांना आत जागा मिळेल. ते मिटलं, दुर्बीण आत गेली आणि पडदा उजळला.

मी कणे खूप पाहिले होते, पण मागून. कातडी आणि स्नायू बाजूला सारून, रक्तात, हाडांचे सुळके. समोरून कणा मी कधीच पाहिला नव्हता. इथे काहीच फाडलेलं नव्हतं. एका पातळ, चमकदार आवरणाखाली मणके ओळीनं मांडलेले होते. मधल्या चकत्या मोत्यासारख्या पांढऱ्या, उंचावलेल्या. प्रत्येक मणक्यावरून एक निळसर रक्तवाहिनी आडवी गेलेली. बाजूला हृदय आपल्या लयीत हलत होतं, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर ती सगळी ओळ किंचित थरथरत होती. आणि ती वाकलेली होती. पावसाळ्यात नदीला वळण पडावं तशी, पण जिवंत. मी माझ्या यंत्रांकडे बघायचं सोडून क्षणभर पडद्याकडेच बघत राहिले.

"सुंदर आहे ना?" सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले.

स्क्रू एकामागून एक बसले. मग दोरी आत गेली. पांढरीशुभ्र, त्या ओल्या गुलाबी जगात अगदी परकी. सर वरच्या टोकाला तिला पक्कं करून खालच्या दिशेनं एकेक मणका ताणत आणू लागले. ताण दिला की दोन मणके एकमेकांकडे झुकायचे आणि वळण तेवढं सैलावायचं. डोळ्यांसमोर. मला वाटलं, जमलं. माझ्या मनातला नाडीचा संशय तिथेच मावळला.

"सर, थांबा."

ही नसरीन. सगळा वेळ ती कोपऱ्यात तिच्या यंत्रासमोर बसलेली असायची. पेशंटच्या डोक्यातून सूक्ष्म विजेचा इशारा सोडायचा आणि तो पायांपर्यंत पोचतो का ते बघायचं, हे तिचं काम. बोलायची फार कमी.

"डावा पाय गेला," ती म्हणाली. "उजवा कमी झालाय. डावा येतच नाहीये."

अशा वेळी काय करायचं ते सगळ्यांना पाठ असतं. मी रक्तदाब वाढवला. औषधांची मात्रा तपासली. आत कोमट पाणी सोडलं. सरांनी दोरीवरचा ताण सोडून दिला. मणके पुन्हा आपल्या जुन्या वळणात गेले. सगळी सकाळ वाया गेली, पण तिथे त्याचं कुणालाच काही वाटलं नाही.

"नसरीन?"

"उजवा परत येतोय. डावा नाही."

आम्ही थांबलो. हृदय पडद्यावर हलत होतं.

"डावा?"

"नाही सर."

दिवेकर सरांनी हातातलं हत्यार ट्रेमध्ये ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरच्या मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते.

"वृंदा, उठव तिला."

दुर्बीण बाहेर काढली. मी फुप्फुस फुलवलं, झोपेचं औषध बंद केलं, वेदनेचं चालू ठेवलं. आता फक्त वाट बघायची. मी टेबलाच्या डोक्याशी खाली वाकले, तिच्या कानाजवळ तोंड नेलं आणि हाक मारत राहिले. "सानिका. मी बोलतेय. सानिका." दिवेकर सर हात छातीशी धरून मागे भिंतीपाशी उभे राहिले. त्या खोलीतला सगळ्यांत कुशल माणूस, आणि त्याला आता करण्यासारखं काहीच नव्हतं.

तिच्या पापण्या हलल्या.

"सानिका, हात दाब."

माझ्या हातातला तिचा हात आधी नुसताच गरम पडून होता. मग बोटं आवळली.

"शाब्बास. आता पाय हलव."

चादरीखाली काहीतरी सरकलं. नसरीन टेबलाच्या पायथ्याशी जाऊन बसली होती. चादर उचलून तिनं दोन्ही पावलांना हात लावला.

"उजवा," ती म्हणाली. "उजवा चांगला हलतोय."

"दोन्ही हलव बाळा. दोन्ही."

"उजवाच."

आता तिचे डोळे उघडले होते. मी अगदी समोर होते, वीतभर अंतरावर. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला ओळखत होती. तोंडात नळी, अंगात स्क्रू, कुशीला भोकं, आणि ही बारा वर्षांची मुलगी मी काय सांगतेय ते ऐकण्यासाठी माझ्याकडे बघत होती. नियमानं मला तिला परत झोपवायला हवं होतं. उत्तर मिळालं होतं. मी सरांकडे पाहिलं.

"थोडं थांबू," ते हळूच म्हणाले. "ताण सोडलाय. रक्त पोचू दे."

"सानिका, डावा पाय. घाई नाही. फक्त अंगठा."

तिच्या कपाळावर आठी पडली. ती प्रयत्न करत होती. ते मला दिसत होतं. सगळं अंग सोडून ती फक्त त्या एका अंगठ्याकडे निघाली होती. माझा हात तिनं इतका आवळला की माझी बोटं दुखली. डोळ्यांच्या कडेला पाणी आलं आणि नाकावरून आडवं ओघळलं, पण तिनं डोळे मिटले नाहीत. आठी सैलावली. पुन्हा पडली. ती पुन्हा निघाली.

मी लोकांना झोपवते. माणसाचं 'मी' म्हणणारं जे काही असतं ते रोज माझ्या हातून मिटतं आणि रोज उघडतं. त्याची मला सवय होती. पण ते आतून, हाडांच्या त्या अरुंद बोगद्यातून, पायाच्या अंगठ्यापर्यंत चालत जायला किती कष्ट घेतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या कपाळावर पाहिलं.

"मॅडम..." नसरीन म्हणाली.

"काय?"

"थांबा. परत सांगा तिला."

"सानिका, अंगठा."

"हलला!" नसरीन म्हणाली. "हलतोय. थोडासाच, मुंगी चालल्यासारखा. पण तीच हलवतेय. परत... हां. आता पाऊल. मॅडम, सगळं पाऊल!"

नसरीन रडत होती. दिवेकर सर मागच्या स्टुलावर मटकन बसले. शस्त्रक्रिया चालू असताना त्यांना बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

"सानिका, झालं. दोन्ही पाय तुझे आहेत," मी तिला सांगितलं आणि तिला पुन्हा झोपवलं.

आता ठरवायचं होतं. दोरी काढून टाकायची, की ठेवायची? ठेवायची तर किती ताणायची? मी फुप्फुस पुन्हा मिटवलं, दुर्बीण आत गेली आणि सर पडद्याकडे बघत राहिले. मग त्यांनी दोरी पुन्हा घेतली, पण हलकेच. प्रत्येक मणक्याला थांबून नसरीनला विचारत. तिनं "ठीक" म्हटलं तरच पुढे. ठरलं होतं त्याच्या निम्मासुद्धा ताण त्यांनी दिला नाही. शेवटचा स्क्रू घट्ट केला तेव्हा कण्याचं वळण चांगलंच शिल्लक होतं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. याच्या पुढे जायचा मला अधिकार नाही. बाकीचं तिच्यावर."

दुसऱ्या दिवशी ती बसली. पाय दोन्ही चालत होते. बाबासोंनी फोटो बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. "साहेब, वाकडंच हाय की अजून."

"आहे," सर म्हणाले. "आता वाट बघायची."

ते घरी गेले. सहा-सहा महिन्यांनी तपासणीला यायचे. माझा त्या तपासण्यांशी काही संबंध नव्हता, तरी मी जायचे. पहिल्यांदा फोटोत काहीच फरक नव्हता. निघताना बाबासोंनी सरांना नमस्कार केला नाही. दुसऱ्या वेळी सरांनी रेघा आखल्या, पट्टी ठेवली, पुसलं, पुन्हा आखल्या. वळण कमी झालं होतं. तिसऱ्या वेळी तर मला पट्टीशिवाय कळलं. सानिकाची उंची भराभर वाढत होती. ती भाकरी खात होती, शाळेत जात होती, परवानगी मिळाल्यापासून खेळत होती, रात्री झोपत होती. आणि दबलेली बाजू रोज कणाकणानं वाढून तिला सरळ करत होती. कुणी हात लावला नव्हता. प्रत्येक फोटोत ती वाकडी रेघ थोडी उभी झालेली असायची. मी ते फोटो शेजारी शेजारी लावून बघत बसायचे.

ती सोळा वर्षांची झाली तेव्हाची तपासणी. उंची वाढायची थांबली होती. आता ती माझ्यापेक्षा उंच. दोन्ही खांदे एका रेषेत. फोटो आला, सरांनी तो दिव्याच्या पेटीवर लावला आणि वाकून जवळ गेले.

"दोरी तुटलीय," ते म्हणाले.

विजयमालाताई खुर्चीवर बसल्या. फोटोत दोरी दिसत नाही, फक्त स्क्रू दिसतात. मधल्या दोन स्क्रूंमधलं अंतर मागच्या फोटोपेक्षा किंचित वाढलं होतं.

"सानिका, पाठीत काही आवाज आला? दुखलं कधी?"

"न्हाई."

"आठव. मागच्या सहा महिन्यांत. पडलीस?"

"पडतो की रोज. खो-खोच्या खुंटावर सूर मारताना पडतोच. पण दुखलं न्हाई." तिनं आठवलं. "मधी जिल्ह्याच्या मॅची होत्या. त्या पण बऱ्या गेल्या."

सरांनी तिला पुढे वाकवलं, मागे वाकवलं, दोन्ही बाजूंना झुकवलं, प्रत्येक वेळी फोटो काढले. जुने फोटो मागवले, ओळीनं लावले, रेघा आखल्या. वळण मागच्या वेळेइतकंच होतं, अगदी नाममात्र. दोरी तुटली होती कधीतरी, बहुधा एखाद्या मैदानावर, कुणाच्याही नकळत. आणि पाठ जागची हलली नव्हती.

"साहेब," बाबासो म्हणाले, "दोरी तुटली म्हंता. मग आता पाठ कुणी धरलीय?"

दिवेकर सरांनी चष्मा काढला.

"कुणीच नाही, मगदूम," ते म्हणाले. "कुणीच धरलेली नाही."

बाबासोंना ते समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले.

"ते तुकडे आत ऱ्हाऊ देत?" सानिकानं विचारलं.

"राहू दे. त्रास नाही त्यांचा."

"बरं," ती म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावली. "आई, चल. गाडी चुकंल."

ते गेले. मी पेटीवरचा दिवा बंद करायला हात पुढे केला. बाहेर पेशंट थांबले होते.

"राहू दे जरा," सर म्हणाले.

मग आम्ही दोघं तसेच उभं राहून त्या पाठीकडे बघत राहिलो.